सतराव्याचा चेहरा

२ फेब्रुवारी

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू बाबांच्या डब्यातले खडू खाल्लेस म्हणून हे नाव पडलं, आणि मायन्यात लिहिलं की त्याचं ‘खडूस’ होतं. हा विनोद मी दर पत्रात करतो आणि तू दर वेळी हसत नाहीस. असो. आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझ्या वहिनीचा डावा गुडघा नवा बसवलाय, तो खरंच मजेत आहे. उजवा त्याच्यावर जळतो. माझी पाठ सकाळी एका तऱ्हेने दुखते आणि संध्याकाळी दुसऱ्या. डॉक्टर म्हणाले, शिडी सोडा आता. मी म्हटलं, शिडीच मला सोडत नाही. ते हसले, गोळ्या मात्र त्याच दिल्या.

दुकान कसं चाललंय? मागच्या कार्डात तू लिहिलं होतंस की हल्ली लोक फ्रेम करायला फोटो आणतच नाहीत, सर्टिफिकिटं आणतात. वाचून आधी वाईट वाटलं. मग वाटलं, बरंच आहे की. सर्टिफिकिटाला तोंड नसतं, ते दिवसभर आपल्याकडे बघत बसत नाही.

पत्राचं खरं कारण म्हणजे छावणीतल्या चॅपेलचं काम पुन्हा माझ्याकडे आलंय. छपराची पन्हळ फुटली आणि वेदीमागच्या भिंतीत ओल उतरली. चित्र कुठे फुगलंय, कुठे सुटलंय ते तपासायचं, एकेका आकृतीचा फोटो काढायचा आणि अहवाल द्यायचा. समितीत आता सगळे नवे आहेत, जुने अध्यक्ष वारले. नव्या अध्यक्षबाईंनी फोन केला. म्हणाल्या, “बावीस वर्षांपूर्वीची सफाई तुमचीच ना? मग ती भिंत तुम्हाला ओळखत असेल.” मी हो म्हटलं. आम्ही दोघं होतो, माझी बहीणही होती, असं काही मी बोललो नाही.

तू त्यानंतर तिथे पाऊल टाकलं नाहीस, म्हणून थोडं सांगतो. बाहेरून अजून तसंच आहे, देवाचं घर कमी आणि कोठार जास्त. बांधणारा लष्करी इंजिनिअर जन्मभर दारूगोळ्याची कोठारंच बांधत आला होता, आठवतं ना? म्हातारपणी त्याला चॅपेल बांध म्हणाले, तर त्याने बापड्याने जे येत होतं तेच बांधलं. दुहेरी भिंती, मध्ये हातभर पोकळी. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. सगळ्या लाकडात लोखंडाचा एक खिळा नाही, सगळे तांब्याचे, ठिणगी पडू नये म्हणून. झरोकेसुद्धा भिंतीच्या जाडीत दोनदा वळवलेले, म्हणजे बाहेर ठिणगी उडाली तरी आत पोचायला नको. ठिणगी पोचत नाही हे खरं, पण ऊनही पोचत नाही. प्रार्थनेने भडका उडेल अशी भीती होती वाटतं याला, असं बाबा म्हणायचे.

बाकांच्या पाठींवरच्या रायफली उभ्या करायच्या खाचा तशाच आहेत. एकेका बाकाला आठ. तू त्यांच्यात बोट घालून बघायचीस, कुठली जास्त झिजलीय ते. दाराजवळच्या बाकांच्या जास्त झिजल्यात, म्हणजे उशिरा येऊन मागे बसणारे तेव्हाही होते, असा शोध तू लावला होतास. परवा मी उगाचच तिथे जाऊन बसलो.

आणि वेदीमागे ते तेवीस जण. टेकडी चढून एका उघड्या फाटकाकडे निघालेले, अनवाणी, आपापले बूट हातात घेतलेले. हत्यार कुणाकडेच नाही. त्यांच्याच पलटणीत नकाशे काढणाऱ्या माणसाने रंगवलंय हे बघताक्षणी कळतं. टेकडीवरचा दगड न् दगड खरा आणि माणसं उभी केल्यासारखी ताठ. चेहरे तेवढे जिवंत, कारण ते सगळे त्याच्या ओळखीचे होते, एकाच मोहिमेत मारले गेलेले. खाली संगमरवरी पाटीवर नावं मात्र बावीस. पाथरवटाने एक खाल्लं असणार, असं आपण तेव्हा ठरवून टाकलं होतं.

चावी हल्ली एका बाईंकडे असते. सैन्याच्या भांडारातून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून नोकरीत आहे. मी त्यांना चावीवाल्या बाई म्हणतो, त्या मला ‘रंगारी’ म्हणतात. पहिल्याच दिवशी दारात अडवलं. “रंगारी, चपला बाहेर. वर तेवीस जणांनी बूट काढलेत, तुम्ही कोण लागून गेलात?” मी निमूट काढल्या. फरशी गार होती.

तर भिंत एकंदरीत बरी आहे. सगळं जसंच्या तसं आहे. सवड झाली तर दोन ओळी टाक.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

चि. खडू,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीनच शब्द, ‘सतरावा कसा आहे?’ बाकीचा कोरा भाग मी दोनदा उलटसुलट करून बघितला.

सतरावा ठीक आहे. ओल त्याच्या घोट्यापर्यंत आलीय, वर नाही.

इकडचं म्हणशील तर तुझी वहिनी आता काठीशिवाय गच्चीपर्यंत जाते आणि तिथून मला हाका मारते, कारण उतरता येत नाही. काल मी लिहायला बसलो तर म्हणाली, “पुन्हा तिला? अहो, बावीस वर्षं हेच पत्र मनातल्या मनात लिहीत होतात, आता कागदाला त्रास देताय एवढाच फरक.” मी म्हटलं, कामाचं लिहितोय. ती म्हणाली, “हो, तुमचं काम असतंच.” तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. आमच्या घरात काही गोष्टी न विचारता नीट चालतात.

दमायला होतं गं. परांचीला एकतीस पायऱ्या आहेत. पूर्वी किती होत्या ते मला माहीत नाही, कारण पूर्वी कधी मोजल्या नव्हत्या. वर पोचलो की पाच मिनिटं नुसता बसतो आणि त्या तेविसांकडे बघतो. तेही चढण चढताहेत, पण एकालाही धाप लागलेली नाही. नकाशेवाल्याने एवढी सवलत दिलीय त्यांना.

चावीवाल्या बाई खालून पहारा देतात. परवा मी सतराव्याजवळ होतो तर त्या चक्क तीन पायऱ्या चढून आल्या. म्हणाल्या, “रंगारी, याला जपून हं. हा आमचा लाडका. नवीन भरती झालेले येतात ते याच्यासमोरच उभे राहतात. बाकीचे सगळे पुढे बघतात, हा एकटा आपल्याकडे बघतो. मी रोज दार लावताना याला सलाम करते.”

 तो आपल्याकडे बघणारच. बाकीचे बावीस जण फाटकाकडे बघताहेत, हे मी त्याचं तोंड रंगवत होतो तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या वेळची हकिगत सगळ्यांना माहीत आहे, तुला तर आहेच. शंभर-सव्वाशे वर्षांची मेणबत्त्यांची काजळी, खाली चेहऱ्यांचे नुसते काळे गोल. कागदाच्या लगद्यात अमोनिया कालवून त्याचं पोटीस चेहऱ्यावर बसवायचं, चाळीस मिनिटांनी काढायचं, काजळी लगद्यात येते. सतराव्याचं पोटीस जास्त वेळ राहिलं आणि चेहरा धुऊन गेला. मग समितीच्या परवानगीने मी तो नवा रंगवला. पेपरात फोटो आला होता, भिंत वाचवणारा म्हणून. तो फोटो आईने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

हे सगळं पुन्हा कशाला लिहितोय? कारण काल एक विचित्र गोष्ट झाली आणि ती सांगायला या जगात तुझ्याशिवाय कुणी नाही. वहिनीला सांगितलं असतं तर तिने ‘बरं’ म्हटलं असतं.

काल भिंतीवर आडवा उजेड टाकला. दिवा भिंतीला चिकटवून धरला की फुगवटे आणि चिरा उठून दिसतात, तुला सांगायला नको. त्या उजेडात चेहऱ्यांवर बारीक ओरखडे दिसले. रंग देण्याआधी नकाशेवाल्याने ओल्या गिलाव्यात खिळ्याच्या टोकाने डोळे, नाक, ओठ आखून घेतले होते. आपल्या वेळी इतके प्रखर दिवे नव्हते, आपल्याला हे कळलंच नाही. पहिल्यापासून एकेक तपासत गेलो. सगळ्यांना ओरखडे आहेत. सतराव्याला डोक्याची बाहेरची रेघ तेवढी कोरलेली, आत काही नाही. आतला गिलावा करणीने घोटून गुळगुळीत केलेला.

अमोनियाने रंग जातो. ओरखडा कसा जाईल?

दिवा चार वेळा या बाजूने त्या बाजूला फिरवला. मग हात दुखायला लागला म्हणून उतरलो. अजून काहीच नक्की नाही, तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. बाईंना विचारलंय, पाटीवर नावं बावीसच का. त्या म्हणाल्या, “आमच्या भांडारात माल आणि यादी जुळली नाही तर आम्ही घरी जात नसू. बघते.”

त्या कामाची आपली वहीही माळ्यावरून काढून ठेवलीय. हे काम शिकवताना बाबांनी लावलेली शिस्त, प्रत्येक पोटिसापुढे वेळ आणि लावणाऱ्याची खूण. माझा एक ठिपका, तुझे दोन. वहीबद्दल पुढे केव्हातरी लिहीन.

आज फार दमलोय.

दादा


२४ फेब्रुवारी

खडू,

आशीर्वाद या पत्रात घालत नाही. शेवटपर्यंत वाचलंस की का ते कळेल.

तुझं दुसरं कार्ड आलं. ‘वहीत काय आहे ते मला माहीत आहे. पुन्हा उगाळू नकोस.’ नाही गं. तुला माहीत नाही.

आधी बाईंचं सांगतो, कारण ते सोपं आहे. त्यांनी वेदीच्या बाजूचं कपाट रिकामं केलं. मेणबत्त्यांचे तुकडे, फाटकी प्रार्थनापुस्तकं, आणि सगळ्यांत खाली एक पत्र्याची पेटी. त्यात नकाशेवाल्याने त्या वेळच्या अधिकाऱ्याला लिहिलेली चिठ्ठी होती. अक्षर काय सुंदर! मी ती बाईंना वाचून दाखवली.

त्या तेविसांतला एक जण मोहिमेतून परत आला नव्हता, पण त्याला मेलेलाही कुणी पाहिला नव्हता. भिंतीचं काम चालू असताना त्याची आई चॅपेलमध्ये आली. नकाशेवाला लिहितो, ‘ती म्हणाली, मेलेल्यांच्या रांगेत माझ्या मुलाचं तोंड काढू नकोस, तो यायचा आहे. मी तिला शब्द दिला आहे. त्याची जागा ठेवली आहे, तोंड ठेवलेले नाही. तो आला तर जागा बुजवीन. नक्की खबर आली तर तोंड काढीन. तोवर पाटीवर नावही घालू नये ही विनंती.’ चिठ्ठी तिथेच संपते. तो आला की नाही, कुणाला ठाऊक नाही.

म्हणजे सतराव्याला चेहरा कधी नव्हताच. कोऱ्या गिलाव्यावर काजळी बसली आणि तो बाकीच्यांसारखाच काळा दिसायला लागला. पोटिसाने काजळी तेवढी उतरवली आणि खाली जे होतं ते समोर आलं. काहीच धुऊन गेलं नव्हतं. बाबांनी किती वेळा सांगितलं होतं, पोटीस काढलं की भिंत नंतर बघा, आधी लगदा बघा. गेला असेल तर रंग लगद्यात दिसेल. त्या दिवशीचा लगदा निव्वळ काळा असणार. मी बघितलाच नाही. बादलीत टाकला. चाळीस वर्षांच्या कामात लगदा न बघता टाकल्याचं मला हे एकच आठवतंय.

तुझ्या हातून चेहरा गेला नाही, खडू. कुणाच्याच हातून गेला नाही.

इथेच मला पत्र संपवता आलं असतं. चार दिवस मी तोच विचार करत होतो. तू खूश झाली असतीस, कदाचित फोनही केला असतास, आणि मी मोठा भाऊ म्हणून मिरवलो असतो की बघ, शोधून काढलं तुझ्यासाठी. तसं पत्र लिहूनही झालं होतं. वहिनीने वाचलं. म्हणाली, “छान आहे. खरं कधी लिहिणार?” मी तिला कधी काही सांगितलेलं नाही. तरी बघ.

तर आता वहीचं.

सतराव्याचं पोटीस मी लावलं होतं. तू नाही. तू त्या वेळी दुसऱ्या परांचीवर छतावर रंगवलेल्या चांदण्या पुसत होतीस, पाठ माझ्याकडे. मी अकरा दहाला लावलं, वेळ लिहिली, एक ठिपका दिला. अकरा पन्नासला काढायचं होतं. तेवढ्यात अध्यक्ष आले आणि मला बाहेर घेऊन गेले. पुढच्या वर्षीचं कॅथेड्रलचं मोठं काम तुम्हालाच द्यायचं म्हणतोय, म्हणाले. मी हुरळलो. त्यांच्यासमोर बसून चहा प्यायलो, आणखी एक प्यायलो, माझ्याच कामाचं कौतुक माझ्याच तोंडाने केलं. परत चढलो तेव्हा पाऊण वाजला होता. पोटीस काढलं. खाली कोरा गिलावा.

 अध्यक्ष खाली मान वर करून उभे होते. वही फळीवर उघडी होती. मी खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका दिला.

एवढंच केलं. तुझं नावही तोंडाने घेतलं नाही, नुसती वही खाली दिली. नंतर पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की मी तर काही बोललोच नाही.

तू खाली आलीस. वहीत बघितलंस, बराच वेळ बघितलंस. मला वाटलं, आता म्हणशील, हे मी लावलेलं नाही. मी तयारीत होतो, भांडायच्या. तू म्हणालीस, “मला आठवत नाही दादा. पण वहीत आहे म्हणजे मीच असणार.” आठवणीवर जाऊ नका, वहीवर जा, हे बाबांनी दोघांना शिकवलं होतं. तू ते मानलंस. तू मानशील हे मला माहीत होतं म्हणूनच तो ठिपका चालला.

म्युझियमच्या प्रयोगशाळेतली तुझी नेमणूक त्या महिन्यात रद्द झाली. तू ब्रश खाली ठेवलास तो ठेवलासच. बाबा तोवर गेले होते, तेवढं बरं झालं. आई सगळ्यांना सांगत सुटली, धाकटीचा हात जड आहे, थोरल्याने निभावून नेलं. मी ऐकत राहिलो. पहिली काही वर्षं वाईट वाटायचं, मग सवय झाली, आणि सवय झाल्याचं वाईट वाटायचंही थांबलं. हे लिहितानाही किती कंटाळलेला माणूस लिहितोय असं तुला वाटेल. तसाच आहे मी. एक खोटं बावीस वर्षं सांभाळायचं म्हणजे कंटाळा येतो, खडू, दुसरं काही होत नाही.

नाही, एकदा झालं होतं. आईच्या शेवटच्या दिवसांत तू आली होतीस. वहिनीने तुझ्या हातात पेजेची वाटी दिली. तू चमचा उचललास आणि परत ठेवलास. म्हणालीस, “तुम्हीच भरवा वहिनी. माझा हात जड आहे.” मी दाराशी उभा होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. आईला ऐकू येत होतं तेव्हा. मी औषध आणायला म्हणून बाहेर गेलो आणि कोपऱ्यावर उभा राहून परत आलो, औषध न आणता. मला त्याची लाज वाटते. बाकी सगळ्याचीही वाटते, पण त्याची सगळ्यांत जास्त.

वही सोबत पाठवतोय. मूळ वही आहे, नक्कल नाही. सतराव्याच्या ओळीला भिंग लाव. पहिला ठिपका सावकाश दिलेला आहे. दुसरा दाबून दिलाय, कागद मागून उठलाय. तुझे सगळे ठिपके हलके असतात, पानभर बघ. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. कुणी बघितलं नाही, कारण थोरल्याची वही होती.

हे तुझी परवानगी घेण्यासाठी लिहीत नाही. अहवाल आज सकाळी देऊन आलो. त्यात नकाशेवाल्याची चिठ्ठी आहे, ओरखड्यांचे फोटो आहेत आणि वेगळ्या पानावर असं आहे: ‘पोटीस मी लावले होते. वेळ मी चुकवली. वहीतली खूण मी बदलली. माझ्या बहिणीचा यात काहीही संबंध नव्हता.’ अध्यक्षबाईंनी माझ्यासमोर वाचलं.  मग म्हणाल्या, “तुमचं लावलेलं तुम्ही उतरवा. पुढचं आम्ही दुसऱ्या कुणाकडे बघू.” मी म्हटलं, बरोबर आहे. मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. पाठ तशीच दुखतेय.

चेहरा उतरवायला काही नाही. आपण लावू ते कुणालाही काढता आलं पाहिजे, हा बाबांचा नियम मी तेवढा पाळला होता. पाण्याचा रंग आहे, ओल्या कापसाने अर्ध्या तासात जाईल. भीती बाईंची होती. त्यांना सांगितलं, तुमचा लाडका माझ्या हातचा आहे, खोटा आहे. त्या चिडल्या. “म्हणजे इतकी वर्षं मी कुणाला सलाम ठोकत होते?”  त्या बाकावर जाऊन बसल्या, रायफलीच्या खाचेवरून बोट फिरवत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, “त्या माउलीने काढू नको म्हटलं होतं ना? मग पुसा. तिचा मुलगा यायचाय अजून.”

मी अजून पुसलेला नाही. परांची पंधरा मार्चपर्यंत उभी आहे. बाई रोज नऊला दार उघडतात, पाचला लावतात. मी तुला ये म्हणत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. पण आलीस तर कापूस तुझ्या हातात असेल आणि मी खाली शिडी धरून उभा राहीन. तुझा हात कधीच जड नव्हता. मी ते छताच्या चांदण्यांवर रोज बघत होतो.

नाही आलीस तर पंधराला मी पुसतो, आणि नव्या वहीत वेळ लिहून पुढे खूण करतो. या पत्राखालीही तीच करतोय. ‘दादा’ लिहायचं की नाही ते आता तू ठरव.

•